राखेनं घासलेला सेट

परवा दातांच्या डॉक्टरांनी माझ्यापुढं नवी कवळी ठेवली आणि म्हणाले, "आजी, हा तुमचा सेट. सुरुवातीला टोचेल, मग हळूहळू तोंडात सेट होईल." मी म्हटलं, "म्हणजे सेट सेट होईल?" त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. खाली आले, रिक्षात बसले, तर रिक्षावाला पोरगा आरशातून बघत विचारतोय, "सेट बैठे ना खाला? चलूं?" घरी आले तर सून पुस्तकांच्या ढिगात बसलेली. तिला प्राध्यापक व्हायचं आहे आणि त्यासाठी सेट नावाची परीक्षा द्यायची आहे. बसल्या जागेवरून ती मला म्हणाली, "आई, दह्याचं भांडं हलवू नका, अजून सेट झालं नाही." आमच्या वेळी दही लागायचं. आता तेसुद्धा सेट होतं.

मी तिच्यावर उगाचच खेकसले. तिनं बिचारीनं पुस्तकात डोकं घातलं. घरात सगळ्यांना माहीत आहे की म्हातारीला हा एक शब्द सोसत नाही. का सोसत नाही, ते मात्र कुणाला माहीत नाही. सुनेला वाटतं मला इंग्रजीचा राग आहे. इंग्रजीनं माझं काय घोडं मारलंय?

हा एवढासा शब्द आमच्या घरात आधी विहिरीतून आला. देवगाव रंगारीला आमच्या विहिरीवर मोट जाऊन पंप बसला, तेव्हा सगळे त्याला सेट म्हणायला लागले. "सेट चालू हाय का?" "नाय, सेटनं पाणी सोडलं." त्यामुळं सेट म्हणजे काळं, तेलकट आणि सारखं आजारी पडणारं काहीतरी, अशी माझी लहानपणीची समजूत. मग वडिलांना शहरात सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि आम्ही गारखेड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो. तिथं घरमालकांकडं रेडिओ सेट होता. मालकीणबाईंकडं सोन्याचा सेट होता आणि तो लग्नकार्यात गळ्यात घालून त्या मान वळवायच्या नाहीत, अख्ख्या वळायच्या. कॉलेजात जायला लागले तेव्हा मैत्रिणी केस सेट करायला लागल्या, आणि कुणाचं कुणाशी सेट आहे हे एकमेकींच्या कानात सांगायला लागल्या. वडिलांच्या कचेरीत बदली थांबवायला लोक सेटिंग लावायचे. वडिलांना ते कधी जमलं नाही, त्यामुळं ते या शब्दाला नाक मुरडायचे.

आणि एवढ्या सगळ्या सेटांमध्ये एक सेट चहाचा होता. पांढरा, चिनी मातीचा, त्याच्यावर बारीक निळी फुलं आणि काठाला सोनेरी रेघ. कप, बशा, दूधदाणी, साखरदाणी आणि पोटानं गोल अशी किटली. सेट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तो येतो आणि माझी मान खाली जाते. तो आज माझ्याच शोकेसात आहे, पण माझा नाही.

तो खालाचा होता.

खाला म्हणजे मावशी, आमच्या शेजारची. तिचं घर आणि आमचं घर एका भिंतीनं जोडलेलं, आणि मागच्या अंगणात मध्ये कमरेएवढी दुसरी भिंत. तिचा नवरा एसटीत मेकॅनिक होता. दोन मुलगे, मुलगी नाही, त्यामुळं तिच्या सगळ्या हौशी माझ्यावर चालायच्या. माझ्या वेण्या तीच घालायची. क्रोशाची सुई मला तिनंच हातात दिली. आईला ती भाभी म्हणायची, आई तिला आपा म्हणायची, आणि दुपारची कामं आटोपली की ती आमच्याकडं चहाला यायची.

यायची, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसायची. आत आई, बाहेर खाला, आणि दोघींच्या मधल्या उंबऱ्यावर निवडायची भाजी. खालाचा कप वेगळा होता. कान तुटलेला एक कप मोरीवरच्या कोनाड्यात पालथा घातलेला असायचा, तो ती स्वतःच उतरवायची, पुढं करायची, आई वरून चहा ओतायची. पिऊन झाला की ती तो विसळायची आणि परत कोनाड्यात पालथा घालायची. ईदला ती आम्हाला शीरखुर्मा करून पाठवायची नाही. शेवया, साखर, खारका, खोबरं असं सगळं कोरडं बांधून द्यायची आणि म्हणायची, "दूध तुमचं घाला भाभी." तिला सगळं माहीत होतं. आमच्याकडं कुणी तिला हे कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. सांगावं लागत नव्हतं.

आणि माझी आई वाईट बाई नव्हती. खालाला टायफॉइड झाला तेव्हा तिच्या घरची चूल आईनंच सांभाळली. तिच्या धाकट्या पोराला आईनं मांडीवर घेऊन भरवलं. त्या पोराचं उष्टं तोंड पदरानं पुसणारी बाई त्याच्या आईचा कप मोरीवर ठेवायची. मी हे रोज बघत होते आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. घरात देव्हारा कुठं आणि चपला कुठं, तसंच खालाचा कप तिथं.

माझं लग्न जमेना. एका ठिकाणी माझा चष्मा नडला, दुसऱ्या ठिकाणी रंग. वडिलांचं जेवण कमी झालं होतं आणि मी आरशात बघताना दिसले की आई दुसरीकडं बघायची. अशात आमच्या एका चुलत्यांनी स्थळ आणलं. दारातूनच म्हणाले, "पोरगा एकदम सेट हाय."

तो शब्द मी माणसाला लावलेला तेव्हा पहिल्यांदा ऐकला. वडिलांनी विचारलं, "सेट म्हंजी?"

"म्हंजी बँकेत हाय. औरंगपुऱ्यात सोताचं घर. घरात सोफासेट, टीव्ही सेट. आणखी काय पायजे? पोरगी आपली सेट झाली म्हणून समजा." मग चुलत्यांनी आईकडं वळून आवाज खाली घेतला. "फक्त वैनी, पोराची आई लई कडक. टापटीप बघती. सोवळं-ओवळं लई. चहा गिलासात नका देऊ बरं. कपबशांचा चांगला सेट काढा."

आमच्याकडं सेट कुठला? कप होते, पण एकाचं तोंड दुसऱ्याशी जुळत नव्हतं आणि बशा त्याहून तिसऱ्याच. पाहुणे रविवारी येणार होते. आईनं शनिवारी दिवसभर कपाळाला हात लावला आणि संध्याकाळी मागच्या भिंतीपाशी जाऊन हाक मारली, "आपा, ओ आपा."

पाहुणे यायचे म्हणजे शेजारचं सामान मागायचं, हे तेव्हा आमच्या गल्लीत सर्रास होतं. कुणाच्या खुर्च्या, कुणाचा टेबलक्लॉथ, कुणाचा पंखा. मुलगी बघायला आलेल्यांना अख्खी गल्ली एकाच खोलीत बसलेली दिसायची, फक्त त्यांना ते कळायचं नाही. मालकीणबाईंकडूनही कपबशा मिळाल्या असत्या, पण त्यांनी ते वर्षभर बोलून दाखवलं असतं. खाला बोलणारी नव्हती.

खालानं लोखंडी पेटी उघडली. वर कपडे, खाली रजई, आणि रजईत एकेक कप वेगळा गुंडाळलेला. ती तो फक्त ईदला काढायची. मी पेटीशेजारी बसून कप हातात घेत होते आणि ती सांगत होती. तिचे वडील अजिंठ्याकडं एका गावात होते. पोलिस अ‍ॅक्शन झाली, राज्य पालटलं, तेव्हा त्यांना घर सोडून शहरात यावं लागलं. ती तेव्हा अगदी लहान होती. "अम्मी ने कुछ नहीं लिया बेटा. बर्तन नहीं, बिस्तर नहीं. हा सेट मांडीवर घेतला आणि बैलगाडीत बसली. अब्बा ओरडले, ये क्या उठा लाई? तरी सोडला नाय." त्या घरातलं दुसरं काहीही तिच्याकडं नव्हतं. आईचा फोटोही नव्हता. हे तिनं सांगितलं तेव्हा किटलीचं झाकण तिच्या हातात होतं. ते सैल होतं. "ओतताना यावर बोट ठेवायचं हं. नाहीतर पडतं."

मग तिनं सगळं टोपलीत भरलं आणि आईच्या हातात देताना म्हणाली, "धुऊनच ठेवलेला आहे भाभी. तरी तुम्ही तुमच्या हातानं परत धुऊन घ्या." आई "छे छे, काहीतरीच काय" म्हणाली.

घरी आल्यावर आईनं टोपली मोरीत ठेवली, दार लोटलं आणि मला म्हणाली, "राखेनं घास."

बंबातली राख घेऊन मी बसले. आईनं वरून उकळतं पाणी ओतलं आणि देव्हाऱ्यातून आणून दोन थेंब कसले शिंपडले ते मी विचारलं नाही. मोरीला मागच्या बाजूनं खिडकी होती. तिच्यातून मधली भिंत दिसायची. मी कप घासत होते, राखेचा खरखर आवाज येत होता आणि भिंतीपलीकडं खाला वाळलेले कपडे काढत होती. तिनं इकडं पाहिलं. मी पाहिलं. हात थांबवावा की कप लपवावा, मला काहीच सुचलं नाही. तिनं दांडीवरून चादर ओढली आणि म्हणाली, "सोन्याचा काठ आहे बेटा. हळू." आणि आत निघून गेली. माझे कान गरम झाले होते. तरी मी घासत राहिले, कारण आई मागं उभी होती.

रविवारी पाहुणे आले. खाला दिवसभर दिसली नाही. तिनं मागचं दारसुद्धा उघडलं नाही. आम्ही तिला असं करायला सांगितलं नव्हतं, हे मी स्वतःला पुष्कळदा बजावलेलं आहे.

मी साडीत पाय अडखळवत ट्रे घेऊन गेले. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं आणि मग कपाकडं, आणि खरं सांगायचं तर कपाकडं जास्त वेळ पाहिलं. चहाचा घोट घेतला. बशी उलटी करून खालचा शिक्का बघितला. "अगं बाई, काय सुंदर सेट आहे! असला आता मिळत नाही. कुठून घेतला?"

 चुलते छताकडं बघायला लागले. आई म्हणाली, "माझ्या आईचा."

मी ट्रे धरून उभी होते. माझी आजी देवगावला पितळीतून चहा प्यायची. तिनं जन्मात असली किटली बघितली नव्हती.

"बघा, म्हणजे घरंदाज वस्तू," सासूबाई म्हणाल्या. पुढं मला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, चष्म्याबद्दल काही बोलल्या नाहीत. चहाच्या दुसऱ्या फेरीला त्या मोकळ्या झाल्या होत्या. निघताना हसत हसत म्हणाल्या, "आम्हाला देणंघेणं काही नको बरं का. फक्त हा सेट तेवढा रुखवतात मांडा." सगळे हसले. वडीलही हसले, पण त्यांचं हसू ओठांवरच अडकलं. पाहुणे गेले, आणि घरात लग्न जमल्याचा आनंद करावा की काय करावं ते कुणाला कळेना.

रुखवत म्हणजे लग्नात मुलीबरोबर द्यायच्या वस्तूंचं मांडलेलं टेबल. वऱ्हाड ते निवांत बघतं आणि त्यावरून वर्षभर बोलतं. तिथं तो सेट नसता तर सासूबाईंनी पहिल्या मिनिटाला विचारलं असतं. आणि खरं सांगितलं असतं तर? सोवळं सांभाळणाऱ्या बाईला आम्ही मुसलमानाच्या कपातून चहा पाजला होता, दोन फेऱ्या. लग्न तर मोडलंच असतं, आणि का मोडलं हे औरंगपुऱ्यापासून देवगावापर्यंत कळलं असतं. माझ्यासारखीला चौथ्यांदा कोण बघायला आलं असतं?

आईनं गुलमंडी पालथी घातली. शहागंजातली दुकानं पालथी घातली. मी बरोबर होते. दुकानदार एकेक सेट काढायचे, टी-सेट, लेमन सेट, डिनर सेट, आणि आई प्रत्येकाला नुसती मान हलवायची. निळी फुलं मिळाली तर सोनेरी काठ नाही, काठ मिळाला तर किटली चपटी. घरी आलो तर सेट आमच्याच ओट्यावर. तो परत द्यायचे दिवस कधीच उलटून गेले होते, आणि खाला मागायला आली नव्हती.

ती आली ती साखर घेऊन. लग्न जमल्याचं तिला गल्लीतून कळलं होतं. नेहमीसारखी उंबऱ्यापाशी बसली आणि माझ्या हातावर साखर ठेवली. आईला रडू फुटलं. आधी खालाला वाटलं आनंदाचं आहे. मग आईनं तुकड्यातुकड्यानं सगळं सांगितलं. "माझ्या आईचा" म्हणाले हेसुद्धा सांगितलं.

 खाला पदराच्या टोकाला पीळ देत बसली. मला मनातून वाटत होतं की तिनं "नाय" म्हणावं. तितकंच मनातून वाटत होतं की तिनं "व्हय" म्हणावं. दुसरं वाटणं जास्त जोरात होतं.

"बेटी की शादी है," शेवटी ती म्हणाली. "माझी अम्मी असती तर तिनंपण दिला असता. ठेवा भाभी. फक्त कुणाला सांगू नका माझा हाय म्हणून. पोरीच्या संसारात खडा नको." मग तिनं कोनाड्यातून स्वतःचा तो कान तुटलेला कप काढला आणि पुढं केला. आईनं वरून चहा ओतला. तोही दिवस तसाच गेला.

रुखवत खालानंच मांडलं. टेबलावर तिनं विणलेला क्रोशाचा रुमाल, त्यावर मधोमध किटली, भोवती कप, कपांचे कान एका दिशेला. वऱ्हाड आत यायच्या आधी ती मांडवाबाहेर जाऊन बसली.

मी सेट झाले. चुलते खोटं बोलले नव्हते. नवरा समजूतदार होता, सोफासेट खरंच होता, आणि शोकेसात सगळ्यात वरच्या कप्प्यात तो सेट लागला. आल्यागेल्याला सासूबाई सांगायच्या, "आमच्या विहीणबाईंच्या आईचा. घराणं चांगलं." पुढं पुढं त्यांनाच त्यातून प्यायची सवय लागली. दुपारी चार वाजता त्या कपात चहा दिल्याशिवाय त्यांचं डोकं उतरायचं नाही. मी किटलीच्या झाकणावर बोट ठेवून ओतायचे. रोज त्या "काय चव लागते गं यात" म्हणायच्या आणि रोज मी दुसरीकडं बघायचे. त्या घरातही व्हरांड्याच्या भिंतीवर एक स्टीलचा गिलास पालथा घातलेला होता. बांगडीवाली यायची, तिच्यासाठी.

माझ्या मुलाचं बारसं झालं त्यानंतर काही दिवसांनी खाला आली. कुणी कळवलं नव्हतं, बोलावलं तर मुळीच नव्हतं. बाळासाठी तिनं क्रोशाचं टोपडं आणि मोजे विणले होते. बुरख्यातली बाई दारात बघून सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "माहेरच्या शेजारीण आहेत." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. खाला म्हणायचं सोडून मी शेजारीण म्हटलं.

सासूबाई आदबीनं वागल्या. व्हरांड्यातच एक स्टूल दिलं, स्वतः खुर्ची घेऊन समोर बसल्या. सोफासेट आत होता. बाळ दाखवलं, टोपड्याचं कौतुक केलं. मग मला म्हणाल्या, "चहा टाक. किटलीतच आण." आणि जरा कमी आवाजात, पण फार कमी नाही, "त्यांना त्या गिलासात."

मी ट्रे आणला. तीच किटली, सासूबाईंचा तो कप, आणि शेजारी स्टीलचा गिलास. खालानं ट्रेकडं पाहिलं आणि किटलीवर तिची नजर थांबली. पेटीतून गेल्यावर ती तो सेट वापरात पहिल्यांदाच बघत होती. मी ओतला. तिनं गिलास दोन्ही हातांनी धरला. गरम होता, तरी खाली ठेवला नाही.

सासूबाईंनी तिची नजर बघितली असावी. अभिमानानं म्हणाल्या, "तुम्ही तर शेजारच्या. हा सेट तुम्ही पाहिला असेल की त्यांच्याकडं?"

 एक शब्द पुरला असता. ती खरं बोलली असती तर मी तिला दोष देऊ शकले नसते, आणि माझा संसार त्या दिवशी व्हरांड्यातच संपला असता.

"व्हय तर," खाला म्हणाली. "लई जुना हाय. यांच्या नानीनं लई सांभाळून आणला होता."

"जुन्या माणसांना जपायचं कळत होतं," सासूबाई म्हणाल्या. "घ्या ना अजून. अगं, ओत त्यांना."

मी किटली उचलली. बोट झाकणावर ठेवायचं मी विसरले. किटली वाकडी झाली, झाकण सुटलं. आणि खालाचा हात आपोआप पुढं आला. गिलास सोडून, विचार न करता, आपल्या पोराला पडताना धरावं तसा. तिनं झाकणावर बोट ठेवलं आणि ते पडू दिलं नाही.

"अहो, अहो! हात नका लावू!" सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

खालानं हात मागं घेतला. बुरख्याखाली घेतला. "माफ करा," ती म्हणाली, "पडंल म्हणून..." आणि माझ्याकडं बघून हसली. मी घाबरू नये म्हणून हसली. मी तिथंच उभी होते, तोंडात जीभ होती, आणि ही तिची आहे एवढं वाक्य माझ्याच्यानं उच्चारलं गेलं नाही. लाजेनं माणूस मरतो म्हणतात ते खोटं आहे. मी ट्रे आत नेला, बाळाला घेतलं, सगळं केलं.

तिनं चहा संपवला. व्हरांड्यातल्या नळावर गिलास विसळला आणि कुणी न सांगता भिंतीवर पालथा घातला. बाळाच्या कपाळावरून बोटं मोडली आणि गेली. त्यानंतर ती त्या घरी आली नाही.

ती कोपऱ्यावरून वळलीसुद्धा नव्हती, तोवर सासूबाईंनी किटली मोरीत ठेवली. म्हणाल्या, "एवढा सोवळ्यातला सेट बाटवला बाईनं. सगळाच काढ. राखेनं घास."

मी घासला. कुणी हळू म्हणणारं नव्हतं, आणि मीही हळू घासला नाही. किटली घासली, मग कप, मग बशा, मग ते झाकण. पाणी काळं होऊन मोरीत जात होतं.

आता सासूबाई नाहीत. माझ्या हातात घर आलं तोवर खालाही राहिली नव्हती, आणि तिची मुलं गारखेडा सोडून कुठं गेली ते मला शोधता आलं नाही. सेट शोकेसात आहे. परवा दिवाळीच्या साफसफाईत सुनेनं एक कप उजेडात धरला आणि म्हणाली, "आई, याच्या काठाला काहीतरी होतं का हो? पुसट पुसट दिसतंय."

मी म्हटलं, "सोनं होतं. मी घासून काढलं."